क्लस्टर डोकेदुखीचा झटका आणि रात्रीची कॅज्युअल्टी : ऑक्सिजन मागायचा तरी कसा?

सांगलीकर_शिक्षक (धागाकर्ता)

मी सांगलीत विश्रामबाग परिसरात राहतो, शाळेत गणित शिकवतो, वय ४३. गेली ९ वर्षे मला क्लस्टर डोकेदुखीचा आजार आहे. त्यातली पहिली ४ वर्षे तो सायनस म्हणून आणि नंतर दातांचे दुखणे म्हणून गेली, आणि त्या भरात उजवीकडची वरची एक चांगली दाढ मी काढून बसलो. मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केले तेव्हा या दुखण्याला नाव आहे, एवढ्यानेच मला रडू आले होते.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. दिवाळीच्या सुमारास माझा काळ सुरू होतो आणि सहा ते आठ आठवडे टिकतो. या काळात जवळजवळ रोज रात्री, झोप लागून दीड-दोन तास झाले की, उजव्या डोळ्याच्या मागे कोणी तापलेली सळई फिरवावी तशी कळ उठते. तो डोळा लाल होतो, त्यातून पाणी वाहते, पापणी खाली येते, उजवी नाकपुडी बंद होते. डावी बाजू मात्र पूर्ण शांत असते. मला पडून राहता येत नाही. मी हॉलपासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घालतो, कधी भिंतीवर मूठ आपटतो. तास-सव्वा तासाने कळ जशी आली तशी निघून जाते. शास्त्रीय व्याख्येप्रमाणे झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत चालू शकतो आणि एका दिवसात असे आठपर्यंत झटके येऊ शकतात.

आता मूळ गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी एकाच रात्री दोन झटके आले आणि दुसऱ्याला पत्नीने मला स्कूटरवर मागे बसवून जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेले. तिथे रक्तदाब आणि ताप बघून मला खाटेवर आडवे व्हायला सांगितले. मी उठून फिरू लागलो तेव्हा ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पत्नीला बाजूला घेऊन ‘यांनी काही घेतले आहे का’ असे विचारले. लाल डोळा, अस्थिर चाल आणि मध्यरात्रीची वेळ पाहता त्यांना काय वाटले ते मी समजू शकतो, पण पत्नीच्या चेहऱ्यावरचा तो अपमान मला त्या कळेतही दिसला. मी ऑक्सिजन मागितला. बोटाला मशीन लावून ९८ आकडा दाखवला गेला आणि ‘तुम्हाला ऑक्सिजनची गरजच नाही’ असे सांगण्यात आले. कमरेत डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले. फारच विनवणी केल्यावर नाकात नळी लावून मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन सुरू केला, ज्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

पुढे जे झाले ते मला सर्वांत गंभीर वाटते. झटका आपल्या वेळेने, सुरू झाल्यापासून सुमारे ७० मिनिटांनी, थांबला. केस पेपरवर मात्र ‘इंजेक्शनने आराम पडला’ अशी नोंद झाली. म्हणजे पुढच्या रुग्णालाही तेच इंजेक्शन मिळणार. हा आजार आपोआप थांबतो, आणि म्हणूनच चुकीच्या उपचाराला यशाचे श्रेय मिळत राहते.

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही आणि प्रतिसादांतही कोणी कोणाचे नाव घेऊ नये, ही विनंती. मला एवढेच विचारायचे आहे की, रात्री दोन वाजता, वाक्य पूर्ण करण्याचीही ताकद नसताना, योग्य उपचार मिळावा म्हणून रुग्णाने आणि नातेवाइकांनी नेमके काय करावे?

रात्रपाळी_मिरज

मी मिरजेत आपत्कालीन विभागात काम करणारा डॉक्टर आहे. सर, आपल्याला जे सोसावे लागले त्याबद्दल मनापासून वाईट वाटते. आमच्या बाजूने जे घडते ते सांगतो. ते समर्थन म्हणून वाचू नये, पुढच्या वेळी कुठे जोर द्यायचा हे कळावे म्हणून लिहितो आहे.

हा आजार साधारण हजारात एकाला होतो. त्यामुळे नुकताच पदवी घेऊन कॅज्युअल्टीत उभा राहिलेल्या डॉक्टरने तो पुस्तकात वाचलेला असतो, समोर पाहिलेला नसतो. त्यात २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही सगळ्यांनी ऑक्सिजनचा एकेक लिटर मोजून दिला. बोटावरचा आकडा चांगला असेल तर ऑक्सिजन द्यायचा नाही, ही शिस्त त्या दिवसांत अंगात भिनली आणि इतर बहुतेक रुग्णांसाठी ती बरोबरच आहे. क्लस्टरमध्ये मात्र रक्तातला ऑक्सिजन कमी पडला म्हणून तो देत नाहीत, तिथे ऑक्सिजन हेच औषध असते. म्हणून ९८ हा आकडा इथे गैरलागू आहे, हे वाक्य रुग्णाच्या कागदावर ठळक अक्षरांत असले पाहिजे.

मात्रा महत्त्वाची आहे. शंभर टक्के ऑक्सिजन, खाली पिशवी असलेल्या मास्कमधून (आम्ही त्याला नॉन-रिब्रीदर म्हणतो), मिनिटाला १२ ते १५ लिटर, रुग्णाला बसवून, १५ ते २० मिनिटे. लंडनच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केलेली आणि ‘जामा’ या नियतकालिकात डिसेंबर २००९ मध्ये छापून आलेली चाचणी याबाबतीत निर्णायक मानली जाते. तिच्यात मिनिटाला १२ लिटर ऑक्सिजन दिल्यावर ७८ टक्के झटक्यांत १५ मिनिटांत वेदना थांबली किंवा पुरेशी उतरली, तर त्याच मास्कमधून साधी हवा दिल्यावर हे प्रमाण २० टक्के होते. म्हणजे पाचातला एक झटका काही न करताही त्या वेळात उतरतो, आणि ‘इंजेक्शनने आराम पडला’ या नोंदीबद्दल आपण जे लिहिले आहे त्याचे उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

दुसरे औषध म्हणजे सुमाट्रिप्टान ६ मिलिग्रॅमचे त्वचेखाली देण्याचे इंजेक्शन. ते बहुतेकांना १० ते १५ मिनिटांत गुण देते, पण चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त देत नाहीत आणि दोहोंमध्ये किमान एक तास जावा लागतो. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते देताच येत नाही. आपल्याकडे अनेक रुग्ण घरून अर्गोटामाइन असलेली डोकेदुखीची गोळी घेऊन येतात आणि ते सांगत नाहीत. त्या गोळीनंतर २४ तास सुमाट्रिप्टान धोक्याचे आहे. तेव्हा घरी काय घेतले ते न विचारताही सांगावे. पोटातून घ्यायच्या गोळ्या आणि पॅरासिटामॉल यांचा परिणाम सुरू होईपर्यंत झटका बहुधा संपत आलेला असतो. ट्रामाडोलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांची तर यात जागाच नाही.

आता आमची भीती. डोळ्यामागे भयंकर दुखत असलेला माणूस आला की, मेंदूतला रक्तस्राव, डोळ्याचा तीव्र काचबिंदू, मानेतल्या धमनीला पडलेली चीर, हे सगळे डोक्यात येते आणि यायलाच हवे. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘हा झटका माझ्या नेहमीच्या झटक्यासारखाच आहे’ असे सांगा. आणि तसा नसेल, म्हणजे क्षणात विजेसारखी सुरू झालेली डोकेदुखी, ताप, आखडलेली मान, हातापायात अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे, दिव्यांभोवती वलये दिसून नजर अंधूक होणे, यातले काही असेल तर तेही सांगा. अशा वेळी सीटी स्कॅन टाळू नये. तपासणी आणि ऑक्सिजन एकाच वेळी चालू शकतात, एकासाठी दुसरे थांबवण्याचे कारण नाही. फक्त सिगारेटमुळे जुना दमा किंवा फुप्फुसांचा दीर्घ आजार असलेल्यांना इतका ऑक्सिजन देताना लक्ष ठेवावे लागते, आणि क्लस्टरच्या रुग्णांत धूम्रपान करणारे बरेच असतात, म्हणून तेही लपवू नये.

सिस्टर_२२वर्षे

डॉक्टरसाहेबांनी लिहिले त्यात मी फक्त हातची भर घालते. रात्री कॅज्युअल्टीत पिशवीचा मास्क असतो, पण तो बहुधा क्रॅश ट्रॉलीच्या (तातडीच्या सामानाच्या गाड्याच्या) खालच्या कप्प्यात असतो आणि हाताशी नाकातली नळी किंवा साधा मास्क असतो, म्हणून तेच लावले जाते. तेव्हा ‘ऑक्सिजन लावा’ असे नुसते म्हणू नये, ‘पिशवीचा मास्क लावा’ असे म्हणावे, म्हणजे सिस्टरला लगेच समजते.

मास्क तोंडावर ठेवण्याआधी आतली झडप बोटाने दाबून पिशवी पूर्ण फुगू द्यावी. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतो आहे असे समजावे. कडा गालांना घट्ट बसल्या पाहिजेत. रुग्ण कळेने डोके हलवत असतो, त्यामुळे रबर बांधूनही मास्क निसटतो, तेव्हा तो नातेवाइकाने हाताने धरावा हे बरे. रुग्णाने कोपरे गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसावे. आडवे होण्याचा आग्रह आम्ही धरू नये, हे मी माझ्या मुलींना (म्हणजे नव्या सिस्टरना) नेहमी सांगते, कारण या रुग्णाला आडवे केले की त्याची तगमग वाढते. आणि बरे वाटताच मास्क काढून टाकू नये, आणखी पाच मिनिटे ठेवावा.

अजिंक्यतारा_पायथा

मी साताऱ्याची. हा पुरुषांचा आजार आहे असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते आणि पुरुषांत तो जास्त आढळतो हे खरेही आहे, पण त्यामुळे आम्हा बायकांचे निदान किती मागे पडते ते कोणी लिहीत नाही. मला ६ वर्षे अर्धशिशी म्हणून औषधे दिली गेली आणि अंधाऱ्या खोलीत शांत पडून राहायला सांगितले गेले. अर्धशिशीच्या माणसाला हालचाल नको असते. माझ्या बहिणीला ती आहे, तिला उशीवरून मान उचलवत नाही. मी मात्र अंगणात अनवाणी फेऱ्या मारत असे आणि सासूबाईंना वाटे की मला बाहेरचे काही झाले आहे. आमच्या घरात शेवटी हा फरक ओळखला तो माझ्या दिरांनी. त्यांनी झटका चालू असताना मोबाइलवर दीड मिनिटाचे चित्रण केले. त्यात लाल डोळा, उतरलेली पापणी आणि येरझाऱ्या स्पष्ट दिसत होत्या. पुण्याच्या तज्ज्ञांनी ते चित्रण पाहिले आणि पहिल्याच भेटीत निदान केले. मग मेंदूचा एमआरआय करून इतर कारणे नाहीत याचीही खात्री केली. हे चित्रण कॅज्युअल्टीतही दाखवता येते. शब्दांपेक्षा ते लवकर पटते.

माझी मुलगी अंगावर पीत होती तेव्हा पुन्हा झटके सुरू झाले. त्या वेळी औषधांच्या बाबतीत डॉक्टरांना फार विचार करावा लागला, पण ऑक्सिजनला कसलीच अडचण नव्हती. आमचे घर शहराच्या कडेला आहे, रुग्णालयात पोहोचेपर्यंत अर्धा तास जातो, आणि झटका तास-सव्वा तासाचा असेल तर अर्धा तास म्हणजे अर्धे युद्ध संपलेले असते. म्हणून एकदा १०८ ला फोन केला तेव्हा गाडी दारात येताच माझा कागद दाखवला आणि ऑक्सिजन गाडीतच सुरू झाला. रुग्णालयात उतरले तेव्हा मी बोलू शकत होते.

एक अवघड गोष्टही लिहिते. या कळेत जीव नकोसा होतो. मला तसे दोनदा वाटले आहे आणि ते कोणाला सांगायची लाज वाटली. ज्यांना तसे वाटते त्यांनी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांनाही सांगावे. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा आहे, तिथेही बोलता येते. घरच्यांनी झटक्याच्या वेळी माणसाला एकटे सोडू नये, जवळ बसावे, पण अंगाला हात लावून शांत करण्याचा प्रयत्न करू नये.

हळदपेठ

कोरोनाच्या वेळी घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आमच्या घरी पडून आहे, ५ लिटरचे. भावाला हाच त्रास आहे. ते वापरले तर चालेल का? आणि रुग्णालयाने उपचार नाकारला तर कायदा काय सांगतो?

रात्रपाळी_मिरज

५ लिटरच्या यंत्राने हे काम होत नाही. त्याचा प्रवाह अपुरा आहे आणि त्यातून शंभर टक्के ऑक्सिजनही मिळत नाही. त्यावर विसंबून राहिल्याने ‘आम्ही ऑक्सिजन देऊन पाहिला, उपयोग झाला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि पुढे रुग्ण खरा उपचारही नाकारतो. असे मी दोन रुग्णांच्या बाबतीत पाहिले आहे.

घरासाठी सिलिंडरच घ्यावा लागतो, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन बसतो. मिनिटाला १२ लिटर आणि १५ मिनिटे असा हिशेब धरला तर एका झटक्याला १८० लिटर लागतात, म्हणजे एक सिलिंडर आठ झटक्यांना पुरतो. रोज झटका येणाऱ्या माणसाने आठवड्याला एक भरून आणण्याची तयारी ठेवावी. फ्लोमीटर (प्रवाह मोजण्याचे आणि कमी-जास्त करण्याचे साधन) मिनिटाला १५ लिटरपर्यंत जाणारा मागून घ्यावा. सिलिंडर भिंतीला साखळीने उभा बांधावा, झडपेला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी-सिगारेट, गॅस काहीही पेटवू नये.

कायद्याबद्दल : परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, तातडीच्या रुग्णाला वैद्यकीय मदत देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पण आपल्या प्रश्नात बहुतेक वेळा उपचार नाकारलेला नसतो, चुकीचा दिलेला असतो, आणि रात्री दोन वाजता घाबरलेल्या तरुण डॉक्टरसमोर न्यायालयाचे नाव घेतल्याने तो अधिक सावध होतो, अधिक लवचीक होत नाही. हे काम दिवसा, शांतपणे, त्याच्या वरिष्ठांशी करायचे आहे.

द्राक्षबाग_तासगाव

मास्तर, तुमचा धागा मुलाने वाचून दाखवला. माझे वय ५८. मला गेली २० वर्षे हे दुखणे ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच येते. बागेत माणसे लावलेली असतात, औषध मारायचे असते, आणि रात्री मी डोके धरून विहिरीच्या कट्ट्याभोवती फिरत असतो. मला वाटायचे की छाटणीनंतरच्या फवारणीचा वास बाधतो. तज्ज्ञांनी समजावले की, मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग शरीराचे घड्याळ चालवतो त्याच्याशी या दुखण्याचा संबंध आहे, म्हणून ऋतू आणि रात्रीची वेळ ठरलेली असते. ‘क्लस्टर’ म्हणजे घड, हेही त्यांनीच सांगितले. घडात मणी जसे चिकटून येतात तसे हे झटके येतात आणि मग वर्षभर वेल मोकळा.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. या काळात दारूचा एक घोटही झटका आणतो, एरवी महिनोन्महिने काही होत नाही. दुसरे, कॅज्युअल्टी हा रोजचा मार्ग नव्हे. मला छाटणीच्या आधीच वेरापामिल हे झटके टाळण्याचे औषध सुरू करतात, मात्रा वाढवण्याआधी प्रत्येक वेळी ईसीजी काढतात, कारण ते औषध हृदयाचे ठोके मंद करू शकते. ते लागू पडेपर्यंतचे दिवस निभावून नेण्यासाठी थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, आणि एका वर्षी मानेच्या मागे, कवटीच्या खाली, नसेजवळ इंजेक्शन दिले होते, त्यानेही बरेच दिवस चांगले गेले. तेव्हापासून रात्री तालुक्याला पळत जाणे जवळपास बंद झाले आहे.

सांगलीकर_शिक्षक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय झाले ते लिहितो.

मी माझ्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून त्यांच्या पत्रशीर्षावर एक पानी पत्र घेतले. त्यात निदान, निदानाचे वर्ष, एमआरआय सर्वसाधारण असल्याची नोंद, ऑक्सिजनची मात्रा, मास्कचा प्रकार आणि बसवून देण्याची सूचना आहे. ‘बोटावरील आकडा सर्वसाधारण असला तरी द्यावा’ हे वाक्य त्यांनी अधोरेखित केले. सुमाट्रिप्टानबाबत मला हृदयविकार नाही, शेवटचा ईसीजी कधी काढला आणि रक्तदाब किती असतो हे लिहिले. खाली ‘झटका नेहमीपेक्षा वेगळा असल्यास पूर्ण तपासणी करावी’ अशी ओळ मी स्वतः सुचवली, कारण रात्रपाळी_मिरज यांचे म्हणणे मला पटले की, डॉक्टरची भीती मान्य केली तर तो आपले ऐकतो.

ते पत्र घेऊन मी एका शनिवारी दुपारी त्याच रुग्णालयात गेलो आणि तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांना भेटायची वेळ मागितली. तक्रार करायची नाही हे मनाशी ठरवले होते, तरी बोलताना आवाज थोडा चढलाच. त्यांनी पत्र दोनदा वाचले, त्या रात्रीचा केस पेपर मागवला, आणि ‘आराम पडला’ या नोंदीवर बोट ठेवून म्हणाले, हे आम्हाला असे कधी दिसलेच नव्हते. पत्राची एक प्रत त्यांनी कॅज्युअल्टीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगितली.

मागच्या बुधवारी रात्री १ वाजून ५० मिनिटांनी झटका सुरू झाला. पत्नीने पत्र आणि झटक्यांच्या नोंदीची वही पिशवीत घालून तयार ठेवलीच होती. मी एक शब्दही बोललो नाही, तिनेच सांगितले : निदान झालेली क्लस्टर डोकेदुखी, दहा मिनिटांपूर्वी सुरू, नेहमीसारखीच, घरी कोणतीही गोळी घेतलेली नाही, पिशवीचा मास्क हवा आहे. ड्युटीवर दुसरेच डॉक्टर होते. त्यांनी कपाट उघडून प्रत पाहिली. २ वाजून ६ मिनिटांनी ऑक्सिजन १२ लिटरवर सुरू झाला. सिस्टर_२२वर्षे यांनी लिहिल्याप्रमाणे पत्नीने मास्क हाताने धरून ठेवला, मी स्टुलावर पुढे वाकून बसलो. सुरुवातीची सात-आठ मिनिटे काहीच फरक पडला नाही आणि मला वाटले की याही वेळी फसलो. मग कळ एकदम उतरू लागली. २ वाजून २० मिनिटांनी मी मास्कच्या आतून पत्नीला ‘थांबली’ म्हणालो. डॉक्टरांनी आणखी पाच मिनिटे मास्क ठेवायला सांगितला आणि केस पेपरवर ऑक्सिजन सुरू केल्याची आणि वेदना थांबल्याची, अशा दोन्ही वेळा लिहिल्या.

घरासाठी ‘बी’ सिलिंडरची चिठ्ठी मिळाली आहे, फ्लोमीटर उद्या येतो. वेरापामिल वाढवण्याआधीचा ईसीजी सोमवारी आहे. अजिंक्यतारा_पायथा, तुमच्या दिरांप्रमाणे माझ्या मुलानेही चित्रण करून ठेवले आहे. पत्राचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी मला निरोप पाठवावा, माझे तपशील काढून पाठवतो, मात्र सही आणि मात्रा प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी.